जुनी मारुती ८०० : रेडिएटरमधून विटकरी पाणी येतंय, घरी फ्लश कसं करावं?

गोदाकाठ

गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. एसी नाही, हीटर आहे. आधीच्या मालकाने कायम बोअरचं पाणीच भरलेलं, कूलंट बहुधा कधीच नाही. झाकण उघडलं की पाणी विटकरी रंगाचं दिसतं आणि रेडिएटरच्या तोंडाच्या आतल्या कडेला पांढरी खपली धरलेली आहे. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्याच्या खाली असतो. गर्दीत किंवा लांब चढाला पाऊण भागापर्यंत जातो. पंखा लागतो. महिन्याला पाव लिटरच्या आसपास पाणी कमी होतं, खाली डाग कुठे दिसत नाही.

गॅरेजवाला म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकू, गाडी गरम होणार नाही. मला तसं करायचं नाही. घरी नळ आहे, अंगणात उतार आहे, पाने-पक्कड आहेत.

१) फ्लश करण्याआधी, म्हणजे आतून धुण्याआधी, काय तपासावं?
२) बाजारातलं फ्लशिंग केमिकल घ्यावं की लिंबूसत्व चालेल? किती?
३) शेवटी कूलंट किती आणि पाणी कुठलं?

सहा_नंबर_पाना

थर्मोस्टॅट काढायला नकार दिलात ते बरोबर केलंत. तो काढला की इंजिन तापायला फार वेळ लागतो आणि तोवर कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त, हवा कमी) राहतं. पेट्रोल जास्त जातं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि रिंगा-सिलिंडर लवकर झिजतात. मोकळ्या रस्त्यावर काटा खाली दिसतो म्हणून रोग बरा झाल्यासारखं वाटतं. चोंदलेला रेडिएटर मात्र चोंदलेलाच राहतो आणि मे महिन्यातल्या पहिल्याच घाटात ते कळतं.

आधी तपासण्या. सगळ्या थंड इंजिनावर, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर.

रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा आणि तोंडात बघत राहा. पहिल्या मिनिटात चार-दोन बुडबुडे आले तर चालतं. पाच मिनिटांनंतरही बुडबुड्यांची माळ सुटत असेल आणि रेस दिल्यावर वाढत असेल, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या पट्टीतून) ज्वलनाचा गॅस पाण्यात येतोय. अशा गाडीला फ्लशचा काही उपयोग नाही, हेड उतरवावंच लागतं. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा पांढरट थर आहे का तेही बघा. पण पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर नुसत्या दमटपणानेही तिथे थोडी मलई धरते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर एवढ्यावरून हेडला दोष देऊ नका.

दुसरं, झाकण. त्यावर ०.९ छापलेलं असतं, म्हणजे तितक्या दाबापर्यंत ते पाणी कोंडून धरतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं, तडकलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही आणि पाणी आधीच उकळून रेडिएटरला जोडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतून बाहेर पडतं. झाकणाच्या मधोमध एक छोटी चकती असते, ती नखाने उचलून बघा. सहज उचलली जाऊन परत बसली पाहिजे. ती चिकटली असेल तर गाडी थंड होताना बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही. सकाळी रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दोन बोटांनी चिमटल्यासारखा चपटा दिसला तर हाच दोष. तुमचं पाव लिटर इथूनही जात असू शकतं. सगळ्या गाडीत सर्वांत स्वस्त भाग हा आहे, नवीनच टाका.

तिसरं, वॉटर पंप. पुलीच्या मागे, शाफ्टच्या खाली बारीक भोक असतं. तिथे टॉर्च मारा. तांबडा किंवा पांढरा ओघळ सुकलेला असेल तर पंपाचं सील गेलंय. जमिनीवर डाग दिसत नाही याचं कारण गरम इंजिनावर पाणी पडता पडताच वाळतं. इंजिन बंद ठेवून पुली धरून हलवा, खडखड जाणवली तर पंप बदलूनच पुढचं काम करा.

होज दाबून बघा. दाबल्यावर आतून कुरकुर आवाज आला तर आत खपली आहे. फुगलेला, मऊ पडलेला किंवा क्लिपपाशी चिरलेला होज या कामातच बदलून टाका, कारण कूलंट भरल्यावर परत तो काढायचा म्हणजे कूलंट वाया.

रेडिएटर मूळचा पितळी आहे की नंतर बसवलेला प्लास्टिक टाक्यांचा, हेही आधी बघा. त्यावर पुढचं बरंच ठरतं.

चुनखडी

लिंबूसत्वाबद्दल मी लिहितो.

बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुना तापला की बाहेर पडतो आणि सर्वांत जास्त तापणाऱ्या जागी, म्हणजे हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, आधी बसतो. हा थर अॅल्युमिनियमच्या मानाने शंभरेक पटीने कमी उष्णता वाहतो. त्यामुळे काटा ठीक दाखवत असला तरी हेडचा तो भाग आतून भाजत असतो. काट्याचं सेन्सर पाण्याचं तापमान सांगतं, धातूचं नाही.

सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, चुना आणि गंज दोन्ही सोडवतं. पण तुमचं हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि रेडिएटर पितळी असेल तर त्याचे जोड शिशाच्या डाखाचे. दोन्हींना आम्ल फार वेळ सोसत नाही. म्हणून माप असं: लिटरला ३० ग्रॅम. या गाडीच्या सगळ्या सिस्टीममध्ये साधारण साडेतीन लिटर मावतं (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा), म्हणजे १०० ग्रॅम पुरे. ते आधी बादलीत लिटरभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मग ओता. कोरडी पूड रेडिएटरच्या तोंडात टाकू नका, ती नळ्यांच्या तोंडाशी गोळा होऊन बसते.

गरम इंजिनात २० मिनिटं. त्याहून जास्त नाही. थर जाड असेल तर ताज्या पाण्यात तेच पुन्हा एकदा करा. एकाच वेळी माप दुप्पट करू नका.

काय टाकायचं नाही तेही सांगतो. संडासाचं अॅसिड नाही. कॉस्टिक नाही. धुण्याचा सोडाही नाही, अल्कली अॅल्युमिनियम खाते. बाजारातलं फ्लश घेणार असाल तर बाटलीवर अॅल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलंच घ्या आणि त्यावरची वेळ पाळा.

आणि मागच्या कुणी गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकली असेल तर? ती लिंबूसत्वाने विरघळत नाही. नळ्यांत आणि हीटरच्या कोअरमध्ये (हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये) पिवळा लगदा होऊन बसलेली असते. ती फक्त उलट्या दिशेने पाणी मारून निघते. तशीही निघाली नाही तर रेडिएटर दुकानात नेऊन टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांतून सळई फिरवणं) करून घ्यावं लागतं. ते पितळी रेडिएटरचंच होतं. प्लास्टिक टाक्यांचा चोंदला तर बदलणं परवडतं.

सहा_नंबर_पाना

चुनखडी यांचं माप बरोबर आहे. आता क्रम लिहितो.

गाडी थंड. बॅटरीची निगेटिव्ह काढा. मागच्या चाकांना लाकडी पाचर लावा. पुढून उचलायची असेल तर जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड लावा. विटा तर नकोतच, त्या वजनाखाली अचानक फुटतात.

रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग सोडा, खाली मोठं घमेलं किंवा चपटं टब. प्लास्टिकचा कॉक पंचवीस वर्षांत ठिसूळ झालेला असतो. हाताने हलत नसेल तर पक्कड लावू नका, मोडतो. खालचा होज काढा, पाणी तिथूनही सगळं येतं. निघालेलं पाणी मोजून ठेवा, हा आकडा शेवटी लागणार आहे.

मग थर्मोस्टॅट. वरचा होज ज्या टोपीला बसतो ती टोपी इनटेक मॅनिफोल्डच्या टोकाला दोन बोल्टांवर आहे. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंजतेल मारून ठेवा. अॅल्युमिनियममध्ये बोल्ट तुटला तर दिवसाचं काम आठवड्याचं होतं. थर्मोस्टॅट बाहेर काढून टोपी नुसती परत बसवा, जुन्याच गॅस्केटवर. हे केलं नाही तर झडप बंद राहते आणि तुम्ही फक्त रेडिएटर धुता, इंजिन तसंच राहतं. घरगुती फ्लश वाया जातो तो बहुतेक इथेच.

हीटरची कळ पूर्ण गरमवर. तिथला व्हॉल्व्ह बंद असेल तर हीटर कोअरमधला गाळ तसाच राहतो आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या नव्या कूलंटमध्ये येतो.

आता साधं पाणी भरा, बॅटरी जोडा, गाडी मोकळ्या जागेत दहा मिनिटं चालवत ठेवा, बंद करा. थंड होऊ द्या आणि काढा. गरम इंजिनावर नळाचं गार पाणी कधीही नाही, हेडला तडा जातो. असं दोनदा केलं की सुटा गाळ निघतो. मगच लिंबूसत्व, नाहीतर आम्ल गाळ खाण्यातच संपतं.

लिंबूसत्वाच्या वेळी रेडिएटरचं झाकण उघडंच ठेवा. चुन्यावर आम्ल पडलं की गॅस सुटतो, फेस वर येतो. त्याला वाट हवी. थर्मोस्टॅट नसल्यामुळे इंजिन सावकाश तापेल, वरचा होज हाताला चटका देईल इतका गरम झाला की तिथून २० मिनिटं मोजा. पाणी आधी पिवळट-हिरवट आणि मग चहासारखं तपकिरी होतं, तो विरघळलेला गंज. हात, कपडे आणि गाडीचा रंग पंख्यापासून आणि उडणाऱ्या पाण्यापासून सांभाळा. चष्मा घाला.

थंड झाल्यावर काढा, एकदा साध्या पाण्याने भरून काढा, मग खाण्याचा सोडा लिटरला १० ग्रॅम, म्हणजे सगळे मिळून ३५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून भरा. झाकण याही वेळी उघडं. पाच मिनिटं चालवा, काढा. तोंडाशी बारीक फेस आला तर आत आम्ल शिल्लक होतं आणि सोड्याने ते मारलं. फेस आलाच नाही तर आधीच्या धुण्यात ते निघून गेलंय.

यानंतर उलटी धार. दोन्ही होज काढा. रेडिएटरच्या खालच्या तोंडात नळी धरा, पाणी वरच्या तोंडातून बाहेर पडू द्या, कारण गाळ वरून येऊन नळ्यांच्या वरच्या तोंडाशी अडकलेला असतो. इंजिनाला वरच्या टोपीतून पाणी द्या, खालच्या होजमधून बाहेर. हीटरचे दोन्ही होज सुटे करून कोअर दोन्ही बाजूंनी धुवा. नळी गच्चीवरच्या टाकीच्या नळाची असू द्या. एक मजल्यावरून येणारा दाब झाकणाच्या ०.९ च्या निम्म्याहून कमीच भरतो, तो जुन्या रेडिएटरला सोसतो. सर्व्हिस स्टेशनची प्रेशर गन किंवा कंप्रेसरची हवा आत लावू नका.

बाहेरून जाळी धुवायला विसरू नका. इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने. किडे आणि माती पुढून आत दाबल्या गेलेल्या असतात. पुढून पाणी मारलं तर त्या आणखी आत जातात. गर्दीतच काटा चढत असेल तर निम्मा दोष कधी कधी इथेच निघतो.

घाटमाथा

थर्मोस्टॅट बाहेर आहे तोवर तो तपासून घ्या. पातेल्यात पाणी, स्वयंपाकाचा थर्मामीटर, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लोंबता. तळाला टेकला तर तळाची आच त्याला आधी लागते आणि आकडा चुकतो. अंगावर ८२ चा शिक्का असेल तर ८२ च्या आसपास झडप सुटायला लागते आणि ९५ ला साधारण आठ मिलिमीटर उघडते. पातेलं उतरवल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. गंजलेला असेल तर तपासत बसू नका, नवा आणा. बसवताना त्याच्या कडेची छोटी हलती पिन वर यायला हवी, हवा तिथून निघते. गॅस्केट नवं.

पंखा लागतो म्हणालात, पण तो वेळेवर लागतो का? स्विच उशिरा लागत असेल तर गर्दीत काटा असाच चढतो. रेडिएटर साफ झाल्यावरही पंखा लागण्याआधी काटा पाऊण भागाला जात असेल तर स्विच बदला.

आता कूलंट. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी हे कंपनीगणिक बदलतात, रंगाचा ठरलेला नियम नाही. डब्यावर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यातलं काही लिहिलंय का ते बघा. पितळी रेडिएटर असेल तर जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं कूलंट डाखाला सोयीचं, ते दर दोन वर्षांनी बदला. अॅल्युमिनियमचा (प्लास्टिक टाक्यांचा) रेडिएटर असेल तर दीर्घ मुदतीचं चालेल. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका.

रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) घेतलं तर त्यात पाणी घालायचं नाही. पण फ्लशनंतर या गाडीत रेडीमिक्स घेऊच नका, कारण इंजिनात उरलेलं पाणी ते पातळ करतं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, घ्या.

हिशोब असा. सिस्टीम साडेतीन लिटरची. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण गंजरोधक द्रव्यं कूलंटमध्येच असतात, ३० टक्क्यांच्या खाली ती पुरत नाहीत. ४० टक्के धरा, म्हणजे १.४ लिटर कॉन्सन्ट्रेट. आता तुम्ही ड्रेन केल्यावर समजा दोनच लिटर बाहेर आले तर दीड लिटर साधं पाणी आत आहे. तुम्ही बाहेर ४० टक्क्यांचं मिश्रण कालवून दोन लिटर ओतलंत तर आतलं कूलंट २३ टक्क्यांवर येतं. म्हणून बाहेर कालवू नका. आधी १.४ लिटर कॉन्सन्ट्रेट नुसतं ओता, वरून डिस्टिल्ड पाण्याने तोंडापर्यंत भरा. बाटलीत मात्र कालवलेलं भरा.

डिस्टिल्ड म्हणजे बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. शेवटची धुणी त्याच पाण्याची करा. दर खेपेला निम्म्याहून थोडं जास्त पाणी बदलतं असं धरलं तर तीन खेपांत आतल्या नळाच्या पाण्याचा आठवा हिस्सा उरतो, चौथीत सोळावा. पाच लिटरचे दोन कॅन लागतील, कंजुषी नको. आरओवाल्याकडे असतो तसा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मिळाला तर निघणाऱ्या पाण्यात बुडवा. बोअरच्या पाण्याचा आकडा आठशे-हजार असला तर तो दोन अंकी होईपर्यंत धुवा.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. पहिली तपासणी झाली. बुडबुडे नाहीत, डिपस्टिक स्वच्छ. झाकणाची मधली चकती चिकटलेली निघाली. रेडिएटर पितळी आहे. थंड गाडीतून ड्रेनने १.९ लिटर निघालं. पंपाच्या भोकापाशी पांढरी रेघ आहे पण ओल नाही.

आणखी दोन प्रश्न. ब्लॉकवरचे पत्र्याचे गोल प्लग बाहेरून गंजलेले दिसतात, आम्लाने ते फुटतील का? आणि हवा कशी काढायची?

चुनखडी

१.९ म्हणजे १.६ लिटर आत. घाटमाथा यांचा हिशोब तुम्हाला जसाच्या तसा लागू.

प्लगबद्दल भीती रास्त आहे. आम्ल चांगल्या पत्र्याला २० मिनिटांत भोक पाडत नाही. पण पत्रा आधीच खाऊन गेला असेल आणि भोक गंजानेच बुजलेलं असेल, तर गंज निघाला की गळती उघडी पडते. ती फ्लशने केलेली नसते, झाकलेली उघडी केलेली असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्लगवर हलकं टिचकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर नवे प्लग आणून ठेवूनच आम्ल घाला. गळती निघाली तर लीक-स्टॉपची पूड टाकू नका, तुम्ही आत्ता मोकळ्या केलेल्या नळ्या तीच बुजवते.

पंपावरची पांढरी रेघ सुकलेल्या चुन्याची. सील एकदा तरी गळलंय. आत्ता ओल नसली तरी चुन्याने सील धरून ठेवलं असेल. पंप हाताशी ठेवा.

सहा_नंबर_पाना

हवा काढणं. गाडी उताराला तोंड वर करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच येईल. हीटर गरमवर. कॉन्सन्ट्रेट आणि मग पाणी अगदी सावकाश ओता, मधेमधे वरचा आणि खालचा होज हाताने पिळा. प्रत्येक पिळण्याला तोंडाशी बुडबुडा येऊन पातळी खाली जाईल. येईनासा झाला की झाकण न लावता गाडी चालू करा.

थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वरचा होज थंड राहील. मग तो एकदम गरम होईल, पातळी झपकन खाली जाईल, तेव्हा भरा. तोंडातून उसळी येऊ शकते, चेहरा दूर. पातळी स्थिर झाली की झाकण लावा आणि पंखा दोनदा लागून दोनदा बंद होऊ द्या. हीटरमधून गरम हवा यायला हवी. काटा वर आणि हीटर गार, असं झालं तर आत हवेचा गोळा अडकलाय. गाडी बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा भरा. रात्रभर ठेवून सकाळी झाकण उघडा, थोडं कमी झालेलं असेलच, बाटली खुणेपर्यंत भरा.

पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी बाटलीची खूण, पंपाखालचं भोक आणि ते गोल प्लग टॉर्चने बघत जा. कूलंटचा रंग असल्यामुळे आता ओघळ लगेच दिसेल. पंधरा दिवसांत कूलंट तपकिरी झालं तर आत अजून गंज सुटतोय. तेव्हा लिंबूसत्व पुन्हा नको, डिस्टिल्डने धुऊन नवं कूलंट भरा.

घाटमाथा

एक राहिलं. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी आहे. कुत्री-मांजरं ते चाटतात, थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडाला पुरतं. अंगणात सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा, डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच नाही. पुढच्या वेळी निघणारं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, पितळी रेडिएटरचं शिसंही त्यात उतरलेलं असतं. बंद कॅनमध्ये, वर लिहून, वापरलेलं ऑइल-कूलंट गोळा करणाऱ्या वर्कशॉपला द्या.

आणि कूलंटचं प्रमाण तपासायला बॅटरीचा हायड्रोमीटर वापरू नका, त्याचे आकडे आम्लाचे आहेत. ग्लायकॉलचा (कूलंटमधल्या मुख्य द्रव्याचा) रिफ्रॅक्टोमीटर घ्या, थेंबभर कूलंट पुरतं, कूलंट किती अंशांना गोठेल ते त्यावर दिसतं. भरल्यानंतर आठवड्याने मोजा, तोवर सगळं नीट मिसळलेलं असतं. ४० टक्क्यांना उणे २४-२५ अंशांच्या आसपास रेघ दिसली पाहिजे. उणे १५ च्या वर, म्हणजे शून्याकडे सरकलेली दिसली, तर बाटलीतलं काढून तिथे कॉन्सन्ट्रेट भरा. गाडी तापून गार होताना ते थोडं थोडं आत ओढलं जाईल.